वारलूच्या नावाचा कोंबडा

मिरग कोरडा गेला, त्याच्या मागचं नक्षत्र कोरडं गेलं, अन् मग पाणी आलं ते असं आलं का धानोऱ्याची एसटी नाल्याच्या अलीकडंच उभी राह्यली. कंडक्टर म्हणे, उतरा आता, गाडी काही पोहत नाई. इसरू उतरला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या, खांद्याले पिशवी लटकवली अन् निघाला चिखल तुडवत. चंद्रपूरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकत होता तो, एमएचं पहिलं वर्ष झालेलं. गावात एवढा शिकलेला दुसरा कोणी नव्हता. लोक त्याले 'सायेब' म्हणत, अर्धं कौतुकानं, अर्धं टोचायले.

गावाच्या तोंडाशी बोडी आहे, लहानसं तळं. पहिल्याच पाण्यात तिची पाळ फुटली होती, अन् त्या पाळीवर एकटाच माणूस माती टाकून राह्यला होता. टोपलं भरे, डोक्यावर चढवे, वर जाये, ओते, पायानं दाबे, पुन्हा खाली. जवळ गेला तवा इसरूले कळलं का हा तर आपला बाप, वारलू.

"बा, बाकीचे लोक कुठी हायेत?"

"रोवण्यात."

"मंग तू काऊन इथी? आपला रोवणा झाला?"

वारलूनं टोपलं खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, ती पूर्ती सरळ झालीच नाई. "घरी चाल," म्हणे. "मायनं भात टाकला असन."

घरी मायनं सारं सांगितलं. सीता तिचं नाव. चुलीपुढं बसून सांगे अन् पोराकडं पाहेच ना, नुसती लाकडं आत सरकवे.

आता रोवणा काही एका घरानं होत नाई. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटा, पेंड्या बांधा, चिखलात वाकून धानाची एकेक काडी लावा, त्याले वीस-पंचवीस बाया लागतात. आज तुझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उद्या माझ्या बांधीत, असं गाव फिरते. कमरेच्या बदल्यात कंबर. अन् रोवणा चालू असतानाच एक दिवस मातामायची, गावदेवीची, पूजा, तिच्यासाठी घरटी वाटा. वारलूचं घर तेवढं वाटा देत नव्हतं, इसरू जन्मला तवापासून.

त्याच्या आधीची दोन लेकरं बाळंतपणातच गेली होती. तिसऱ्या वेळी वारलूनं सीतेले खाटेवर घालून जंगलातून मिशनच्या दवाखान्यात नेलं, अन् तिथं इसरू जिवंत जन्मला. वारलू तिथंच राह्यला काही महिने, लाकडं फोडत. तिथंच वाचायले शिकला, तिथंच बाप्तिस्मा घेतला. तवापासून दर रविवारी पायवाटेनं शेजारच्या गावच्या पत्र्याच्या चर्चमधी जाये. गाव हसलं, बोललं, मग विसरलं. पूजेच्या दिवशी कोणी नांगर धरत नाई तर वारलू बी धरत नसे. गावाचा मान म्हणून.

"यंदा बैठक झाली," सीता म्हणे. "लालसूभाऊ म्हने, पाऊस अडला कारन मातामायले गावाचा वाटा पुरा पोचत नाई. एक घर कमी पडते. सारे तुह्या बाकडं पाहाले लागले."

लालसू म्हणजे गावाचा भूमक, मातामायचा पुजारी. लहानपणी वारलूच्या संग ढोरं चारलेला.

"मंग बा काय म्हनला?"

"म्हने, गावाचं कोनतंबी काम सांगा, करतो. मातामायच्या नावाचा दाना माह्या हातून सुटनार नाई, मी दुसऱ्याले शब्द देल्ला हाय. मंग ठरलं, जो वाटा देनार नाई त्याच्या बांधीत बाई उतरनार नाई. मंग पानी आलं, पाळ फुटली, तवा तुह्या बानं टोपलं उचललं अन् बोडीवर गेला. गावाचं काम म्हनून."

"माय, हा तर सामाजिक बहिष्कार हाय."

"असन," सीता म्हणे. "तू भात खा."

दुसऱ्या दिवसापासून तिघंही बांधीत उतरले. इसरूले वाटलं होतं का आपण लहानपणी केलेलं काम आहे, हात विसरत नाईत. हात नव्हते विसरले, कंबर विसरली होती. दुपारपर्यंत त्याले उभं राह्यलं का चक्कर ये अन् वाकलं का उठवे ना. पायाच्या बोटात चिखल्या झाल्या, पोटरीले जळवा लागल्या, तंबाखू चोळून काढाव्या लागल्या. इकडं तिघाईनं वाफाभर जागा लावली का तिकडं पऱ्हे आणखी पिवळे पडत. पऱ्हे काय कोणासाठी थांबतात? जुने झाले का काडीले गाठ धरते, अन् गाठ धरलेली काडी लावा नाईतर बैलापुढं टाका, सारखंच.

शेजारच्या बांधीत बायाईचा रोवणा चालू होता, गाणं चालू होतं. इसरू पेंड्या घेऊन धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, जाये तवा गाणं थांबे. तो पुढं गेला का पुन्हा सुरू. त्याच्यात बायनाबाई होती, जिभेची तिखट. एकदा ती गाणं थांबलं असताना मोठ्यानं म्हणाली, "सायेब, वाकताना टाय पाठीवर टाकाची, चिखलात भरते." साऱ्या हसल्या. इसरूच्या अंगात फाटकी बनियन होती. तरी त्याचा हात गळ्याकडं गेला, अन् ते पाहून त्या आणखीच हसल्या.

हापशीवर सीता सगळ्याईचं भरून होईपर्यंत पाण्याचा गुंड घेऊन बाजूले उभी राहे. कोणी तिले नाई म्हणत नव्हतं. कोणी ये बी म्हणत नव्हतं.

इसरूच्या डोक्यात राग शिजत होता, अन् तो लोकाईपेक्षा बापावर जास्त. कॉलेजात त्याले गुणवंतराव सर शिकवत. छप्पन साली त्याईच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला तवा सर लहान होते. धर्म काय असते हे त्याईनं घरातच बदलताना पाह्यलेलं. सर एकदा वर्गात म्हणाले होते, माणसं देवापुढं जमतात तवा खरी एकमेकापुढंच जमलेली असतात. पूजा म्हणजे समाजानं स्वतःलेच जोडलेले हात. इसरूले ते इतकं आवडलं होतं का त्या दिवशी तो जेवायचंच विसरला. त्यानं तासानंतर सराईले गाठलं. म्हणे, "सर, मंग माझा बाप डोळे मिटून बोलते ते कोनाशी?" सर फळा पुसत राह्यले. मग म्हणाले, "ते मले नाई सांगता येत. लोक काय करतात तेवढं मी शिकवतो. कोनाशी बोलतात ते त्याईलेच विचार."

पहिलं इसरूच्या ध्यानात राह्यलं. दुसरं तो वर्गातच ठेवून आला.

त्यानं बांधीत वाकल्या वाकल्या हिशेब लावला. मातामाय म्हणजे गाव. वाटा म्हणजे गावात असल्याची खूण. शेरभर तांदूळ अन् एक कोंबडा, दुसरं काय. बापाले कळत नाई तर न कळो, त्याले सांगायचंच कायले. तांदळाले काय ठाऊक तो कोणाचा देव खाते.

पूजेच्या आदल्या दिवशी वारलू बोडीवर गेल्ता तवा इसरूनं कणगीतून तांदूळ काढले, घरचा लाल कोंबडा टोपल्याखाली धरला अन् मागच्या वाटेनं लालसूच्या घरी गेला.

लालसू दारात बसून बांबूच्या कामट्या तासत होता. कोंबडा पाहून त्याचा हात थांबला.

"बानं धाडला," इसरू म्हणे. "वाटा हाय आमचा."

"वारलूनं?"

"हो. तो सोता येनार नाई. लाजते. तुमी त्याले काही बोलू नका भाऊ, त्याले आनखी लाज वाटन."

म्हाताऱ्यानं हातातली कामटी खाली ठेवली. मग त्यानं कोंबडा छातीशी घेतला, त्याची मान कुरवाळली. "मले ठाऊक होतं गा," म्हणे. "मी त्या दिवशी बैठकीत बोललो अन् घरी येऊन जेवलो नाई. आमी दोघं एका घोंगड्यात निजलेले. लाजू नको म्हना त्याले. नाई, नको, काई नको सांगू. मी नाई बोलत."

घरी आला तर सीता अंगणात कोंबड्या मोजत नव्हती, पण पाहत होती.

"लाल्या कुठी गेला?"

"रानमांजरानं नेला असन."

सीतेनं अंगणात नजर फिरवली. पीस पडलेलं नव्हतं, रक्त नव्हतं. ती आत गेली.

पूजा झाली मोहाच्या झाडाखाली. शेंदूर फासलेले दगड, पुढं पळसाची पानं, हर पानावर एका घराचे तांदूळ. रीत अशी का भूमक घरधन्याचं नाव घेते अन् कोंबडा त्या पानापुढं सोडते. टिपलं तर मातामायनं ते घर घेतलं. नाई टिपलं तर घरधनी हात जोडून उभा, बाकीचे श्वास धरून. इसरू मागं एका झाडाले टेकून उभा होता, बघ्यासारखा. मनात टिपणं चालू होतं त्याचं, कोण कुठं बसलं, कोणाचं नाव आधी, बाया कुठं.

"वारलू," लालसू म्हणाला.

सारी कुजबुज बंद झाली. कोंबडा पानापुढं आला अन् मान खाली घालून टकाटक टिपाले लागला, असं का थांबेच ना. इसरूले हसू आलं. कालपासून उपाशी बांधलेला, त्यात घरचेच तांदूळ. हे हसू तो कोणाले तरी दाखवायले म्हणून इकडं तिकडं पाहाले लागला, तर शेजारची म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. पलीकडं बायनाबाईनं दोन्ही हात कपाळाले लावले होते. अन् लालसूले पुढचं नाव घेताच येईना, रडत होता तो. इसरूचं हसू तोंडावरच राह्यलं, त्याले ते कुठं ठेवावं कळे ना.

लालसूनं इसरूच्या कपाळाले शेंदूर लावला. घरी जाताना नाल्यावर बसून त्यानं तो घासला. पाण्यानं गेला, पण भुवईच्या केसात लाल राह्यलाच, मग त्यानं रेतीनं घासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारलू पऱ्हे उपटून राह्यला होता तवा गाणं ऐकू आलं. गाणं धुऱ्याधुऱ्यानं जवळ आलं. बायाच बाया, डोक्यावर प्लास्टिकचे कागद, पदर खोचलेले, अन् पुढं बायनाबाई.

"वारलूभाऊ, सरका. पेंडी तरी नीट बांधता येते का तुमाले? हे काय बांधलं, नवरीचा अंबाडा?"

त्या थेट बांधीत उतरल्या. वारलू हातात पऱ्ह्याची जुडी घेऊन उभाच. त्यानं डोक्याचा फडका काढला. गुडघाभर चिखलात, साऱ्याईसमोर, डोळे मिटले अन् मोठ्यानं बोलला, तो असा मोठ्यानं कधी बोलत नसे. "बापा, म्या तुले रोज मागतलं. म्या म्हनलो, लोकाईचं मन तूच फिरव, माह्यानं फिरत नाई. तुनं फिरवलं. तुह्ये उपकार मी कसे फेडू." त्याच्या गालावरून पाणी जात होतं अन् पाऊस थांबलेला होता.

इसरू त्याच्यापासून चार हातावर होता. त्याले वाटलं चिखल आणखी खोल असता तर बरं. सीतेनं नवऱ्याकडं पाह्यलं, मग पोराकडं, अन् वाकून लावाले लागली. ती दिवसभर इतकी भराभर लावत होती का बायनाबाई तिले म्हणे, "काय व, मागं वाघ लागला का?"

दुपारी आंबील प्यायले सारे धुऱ्यावर बसले. अर्ध्यावर बांध्या हिरव्या झाल्या होत्या. वारलूनं जेवणाआधी हात जोडले, पुन्हा तेच उपकार, तेच मन फिरवणं. त्याचं आमेन झाल्यावर बायनाबाई हसून म्हणे, "भाऊ, आता दोन देवाले हात जोडा. मातामायले राग येईन. तुमचाच कोंबडा तर टिपतच राह्यला, सोडेच ना."

"माहा कोंबडा?"

"मंग कोनाचा? लाल, मोठ्या तुऱ्याचा. लालसूभाऊ तुमचं नाव घेताना लहान पोरासारखा रडला."

वारलूनं सीतेकडं पाह्यलं. सीता लोटीत पाहत होती. मग त्यानं इसरूकडं पाह्यलं. इसरूले काही तरी बोलायचं होतं, त्याच्याजवळ शब्द होते, एवढे दिवस जुळवलेले. पण त्याचा हात आपोआप भुवईवर गेला.

वारलू उठला. "बायाहो," म्हणे, "तो कोंबडा म्या नाई देल्ला. तुमी आता बांधीत उतरू नका." अन् पाय न धुताच गावाकडं चालू लागला. इसरू मागं मागं.

लालसू दारातच होता. वारलूले पाहून तो उठला, हात पुढं केले त्यानं. वारलू अलीकडंच थांबला.

"लालसू, वाटा माहा नव्हता. मले ठाऊकच नव्हतं."

लालसूचे हात हळूहळू खाली आले. "मी नाव घेतलं तुह्यं. मातामायपुढं. सारं गाव आयकत होतं."

"हो."

"पोरगं म्हने, तू लाजतेस म्हनून आला नाई."

"तवा नव्हतो लाजत," वारलू म्हणे. "आता लाजतो."

दोघं म्हातारे तसेच उभे. कोणी कोणाले शिवी दिली नाई. शिवी दिली असती तर इसरूले सुटल्यासारखं वाटलं असतं. लालसू खाली बसला अन् त्यानं कामट्या एकीकडं सारल्या. "जो मानूस आलाच नाई त्याले मी देवीच्या हवाली केलं," तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणे. "आता तिच्यापुढं कोनत्या तोंडानं जाऊ."

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. इसरूले मध्ये उभं केलं. तो म्हणाला, गावाची एकी रहावी, पूजा ही सामूहिक गोष्ट असते, अन् आपला हेतू... लोक ऐकत होते. कोणी हसलं बी नाई. बायनाबाई मागून म्हणे, "सायेब, मले एवढंच सांग. आमी काल वाकलो ते कोनासाठी वाकलो?"

इसरू मधातून सरला अन् बापाच्या मागं जाऊन उभा राह्यला.

लालसू म्हणे, पूजा पुन्हा करावी लागन. गावाले पुन्हा काम बंद ठेवावं लागन, ऐन रोवण्यात. कोणाच्या पऱ्ह्याले गाठी धरतीन त्या धरतीन. मग वारलू उठला. म्हणे, "माह्या बांधीत तुमी जे लावलं त्याचं धान तुमचं. कापून तुमच्या घरी पोचवतो. अन् जेवढ्या जनी वाकल्या तेवढ्या जनीच्या बांधीत आमी तिघं वाकतो. राह्यलेले पऱ्हे मी बैलाले टाकतो." कोणी हो म्हटलं नाई, कोणी नाई म्हटलं नाई. बैठक उठली.

परत येताना इसरू म्हणे, "बा, माह्या मनात वाईट नव्हतं. तुले त्रास नको म्हनून. तसं पाह्यलं तर देव-बीव... लोक एकत्र येतात तेच असते ते. शास्त्र हाय तसं."

वारलू चालतच राह्यला. बराच पुढं गेल्यावर म्हणे, "असन. मी शिकलो नाई तेवढं. पर तुह्या शास्त्रात देव म्हंजे लोकच असन, तर मंग लोकाईशी तरी खरं बोलाचं होतं. तू तर दोन्हीकडं खोटा ठरला." थोडं थांबून म्हणे, "अन् मले बी ठरवलं."

रविवारी चर्चमधी पाळक म्हणाले, वारलूभाऊ, वचन वाचा. वारलू म्हणे, चष्मा घरी राह्यला. तो दाराजवळ बसला होता, चपलांपाशी, जिथं तो कधी बसत नसे. सदऱ्याच्या खिशात चष्म्याची दांडी दिसत होती. इसरूले दिसली, सीतेले दिसली, पाळकाईले बी दिसली असावी. त्याईनं दुसऱ्याले वाचाले सांगितलं.

मग तिघं रोज दुसऱ्याच्या बांधीत. बाया त्याईच्याशी बोलत नसत, कामापुरतं बोलत, पेंडी दे, इकडं सरक. इसरूचं कॉलेज केव्हाच सुरू झालं होतं, पण जायचं त्यानं नाव काढलं नाई. हात फुटले होते त्याचे, बोटं मुडपत नव्हती.

बायनाबाईच्या बांधीतली गोष्ट आहे ही. दुपारी साऱ्या बाया एका धुऱ्यावर बसल्या, हे तिघं दुसऱ्या धुऱ्यावर, आपापलं घेऊन. पाऊस भुरभुर चालू होता. तर बायनाबाई उठली, हातात आंबिलीची मोठी लोटी, अन् पाणी तुडवत इकडं आली. ती लोटी तिनं वारलूपुढं ठेवली. "वारलूभाऊ, गरम हाय, घ्या," म्हणे. दुसरं काही बोलली नाई, पण लगेच वळली बी नाई, कांदा पदरातून काढून तो बी ठेवला.

वारलूनं लोटी हातात घेतली. सीतेनं डोक्यावर पदर घेतला अन् डोळे मिटले, तो आता हात जोडंल म्हणून. इसरूनं मान खाली घातली. पण वारलू बोलेच ना. इसरूनं मान वर केली तर बाप त्याच्याकडंच पाहत होता.

"इसरू," वारलू हळूच म्हणे, "हे तिनं आपल्या मनानं देल्लं, का तू काही सांगून आला तिले?"

"तिनं देल्लं, बा."

वारलूनं मान हलवली. तरी त्यानं डोळे मिटले नाईत. तो बायनाबाईच्या तोंडाकडं पाहाले लागला, ती काय म्हणते ते ऐकायले. लोटीतली वाफ त्याच्या तोंडावर येत होती. बायनाबाई एकदा बापाकडं, एकदा लेकाकडं पाहत होती.

"माह्या मनानं देल्लं, भाऊ," शेवटी ती म्हणाली.

मग वारलूनं डोळे मिटले.